कपाटाची किल्ली

(कोल्हापुरातल्या एका वस्तीत अभ्यासिकेसाठी पुस्तकं घ्यायची होती. त्याआधी बोलावलेल्या बैठकीत केलेलं भाषण.)



मला निरोप आला तो असा, की कुठल्या पोरानं काय वाचावं ते येऊन सांग. मला हसू आलं. मी मॅट्रिक, तोही गणितात काठावर. गोदीत गोण्या उचलतो, रात्रपाळीच्या अधल्यामधल्या वेळात कविता लिहितो. थोड्या छापून येतात, बऱ्याच परत येतात. याद्या द्यायच्या त्या प्राध्यापकांनी. पण त्यांच्या याद्या मी पाहिल्यात. पाचवी ते सातवी अमुक पुस्तकं, आठवी ते दहावी तमुक. वयाचा रकाना असतो, इयत्तेचा असतो. घरात वाचायला जागा किती, बाप दारू पिऊन आल्यावर दप्तर कुठं लपवायचं, याचा रकाना मी अजून कुठल्या यादीत पाहिला नाही. म्हणून आलो.

आल्या आल्या तुमचं कपाट बघितलं. वरच्या कप्प्यात बाबासाहेबांचे खंड. त्यांच्यावर वाळलेला हार, पुढं उदबत्तीची राख. काचेचं दार, दाराला कुलूप. खाली उघड्या फळीवर पोलीसभरतीची नि तलाठीभरतीची गाईडं, पानं सुटलेली, कोपरे दुमडलेले. मी एका भावाला विचारलं, वरचं पुस्तक शेवटचं कधी काढलं? तो म्हणाला, चौदा एप्रिलला. वाचायला? न्हाई, पुसायला.

टिंगल करत नाही. माझ्या चाळीत हेच आहे. ज्या माणसानं मूर्तीपुढं हात जोडू नका म्हणून सांगितलं त्याच्या पुस्तकांपुढं आपण हात जोडतो नि पान उलटायचं राहून जातं.

आता तुमच्याकडं वर्गणीचे सहा हजार रुपये जमलेत आणि भांडण लागलंय. थोरले म्हणतात राहिलेले खंड आणू. कॉलेजातली पोरं म्हणतात गाईडं आणू. आयाबाया म्हणतात बारक्यांसाठी गोष्टीची पुस्तकं आणा, दिवसभर मोबाईल बघत बसतात. मला वाटतं तिघंही बरोबर आहेत, फक्त कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे कुणी कुणाला विचारलेलं नाही.

गाईडं घ्या. त्याला नाक मुरडणारे पांढरपेशे असतात, त्यांच्या घरी पगार येतो. नोकरीनं चूल पेटते. पण गाईड म्हणजे गोदीच्या गेटवरचा पास. आत जायला लागतो. आत काय आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं.

पायरीचं मी गोदीतलंच सांगतो. नवा पोरगा आला की जाणता मुकादम त्याला पहिल्या दिवशी पन्नास किलोच्या गोणीखाली घालत नाही. कंबर गेली तर पोरगं कायमचं गेलं. आधी हलका माल देतो. मात्र हलकी गोणी म्हणजे सडक्या धान्याची गोणी नव्हे. आपल्या पोरांच्या बाबतीत हाच घोटाळा झालाय. सोपं पुस्तक म्हणून त्यांच्या हातात राजाराणीचा, बिरबलाच्या चातुर्याचा, उपास नि व्रताचा सडका माल आला. आणि तो नको म्हणून आपण चळवळीवाल्यांनी एकदम खंड उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवले.

माझी गोष्ट सांगतो. माझं गाव इथनं एस.टी.नं तासाभरावर. सातवीत पहिला आलो म्हणून शाळेत 'श्यामची आई' बक्षीस मिळालं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापलं गेलं. मी ते दोन दिवसांत संपवलं. रडलो. खोटं कशाला बोलू, तुम्हीही रडला असाल. पण मध्ये एक जागा येते. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते. तिला ती उचलता येत नाही, कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे, नि घरी येऊन आंघोळ कर. तिथवर मी श्याम होतो. त्याच्याबरोबर पोहायला गेलो होतो, त्याच्या आईचा मार खाल्ला होता. त्या पानावर मला पुस्तकातनं उचललं नि रस्त्याच्या कडेला त्या म्हातारीशेजारी उभं केलं. श्याम चांगला, त्याची आई चांगली, त्या काळात एवढं करणारीही कोण होती? सगळं खरं. पण आंघोळ माझ्यामुळं होती. बारा वर्षांच्या पोराला हे कुणाशी बोलता येतं? मी पुस्तक मिटलं. आई म्हणाली, काय झालं रं? म्हटलं, काय न्हाई.

साने गुरुजींवर माझा राग नाही. पंढरपूरचं देऊळ आपल्याला उघडावं म्हणून १९४७ साली तो माणूस उपाशी बसला होता. पुस्तक कपाटात ठेवा. पण ते पहिलं देऊ नका आणि पोराला एकट्याला देऊ नका. पहिलं पुस्तक असं द्या, ज्यात वाचणारा उंबऱ्याच्या आत असेल.

ते पुस्तक माझ्या मते अण्णाभाऊंचं. वारणा ओलांडली की वाटेगाव, इथनं काही लांब नाही. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. शाळा दीड दिवसाची. पुढं मुंबईत दुकानांच्या पाट्या नि सिनेमाची पोस्टरं वाचत त्यांची अक्षरओळख पक्की झाली. मीही इंग्रजी असंच शिकलो, खोक्यांवरचे शिक्के वाचून. अडखळत वाचणाऱ्याला अण्णाभाऊ का द्यायचे? वाक्य आखूड, गोष्ट पळणारी आणि बोली वारणेकाठची, म्हंजे आपलीच. 'फकिरा'नं सुरुवात करू नका, ती कादंबरी आहे, दम लागतो. 'स्मशानातलं सोनं' ही कथा द्या. एका बैठकीत संपते. मुंबईत खाणीवर काम करणारा भीमा. खाण बंद पडते. त्याला मसणातल्या राखेत सोनं सापडतं नि तो प्रेतं उकरायला लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. पुढं ती बोटं कापावी लागतात आणि त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली.

ही कथा मी रात्रपाळीला शेडमध्ये मोठ्यानं वाचली होती. जहाज उशिरा लागणार होतं, माणसं बसून होती. पलीकडं एक वयस्क माणूस आडवा झालेला, सही करायला अंगठा पुढं करणारा. मला वाटलं झोपला. मी संपवल्यावर तो उठून बसला नि एक शिवी हासडून म्हणाला, "एक दिस आदी चालू व्हायला काय झालं व्हतं त्या खाणीला!" नंतर पाळी संपेपर्यंत कुणी फार बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, त्या बाबाचं आणखी काय हाय का? आता सांगा, हा माणूस कुठल्या इयत्तेचा वाचक? अक्षर एक येत नाही, आणि कथेचं मर्म माझ्या आधी त्याला कळलं. म्हणून म्हणतो, अक्षराची पायरी वेगळी नि समजेची वेगळी. आठवड्यातनं एकदा इथं मोठ्यानं वाचा. ज्यांना येत नाही त्यांना पुढं बसवा.

मोठ्यानं वाचायला जोतीरावही फार चांगले. 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ सालचं. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाकारलं. पोटुशी कुणबीण, तिला फसवणारा जोशी, मधेमधे टोमणे मारणारा विदूषक, आणि शेवटी नवराबायको जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेची वाट धरतात. बारा-पंधरा वर्षांची पोरं हे नाटक वाचणार नाहीत, करतील. करू द्या. 'गुलामगिरी', १८७३, सगळी सवालजबाबात आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. दोन पोरांनी समोरासमोर बसून वाचली तर जड जात नाही.

आता माझी चूक. माझा मावसभाऊ नववीत होता. हुशार. मी त्याला 'गोलपिठा' दिला. नामदेव ढसाळांचा तो संग्रह १९७२ साली आला नि त्यानं मराठी कवितेची गचांडी धरली. मला कवी केलं ते त्या पुस्तकानं. तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, त्यांच्यासारख्या नाटककारालाही त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारायला लागले होते. मी मावसभावाला म्हटलं, वाच, डोकं फिरंल. दोन दिवसांनी परत घेऊन आला. "दादा, ह्या शिव्या मी रोज नळावर ऐकतोय. पुस्तकात पण तेच?"

मी त्याला झाडलं. विद्रोह, प्रस्थापितांची भाषा, सौंदर्यशास्त्र, सगळं तोंडावर फेकलं. त्यानं ऐकून घेतलं नि वर्षभर माझ्याकडनं पुस्तक घेतलं नाही. उशिरा कळलं, की मी विशीत जे पुस्तक वाचलं त्याच्या आधी माझं दहा वर्षांचं वाचन झालं होतं. मला कवितेत नळ दिसला तेव्हा मी नळापासून थोडा लांब आलो होतो. तो अजून रांगेत हंडा घेऊन उभा होता. त्याला तिथनं बाहेर काढणारं पुस्तक हवं होतं.

मग एकदा तो आपणहून म्हणाला, ताऱ्यांचं काय आहे का. मी 'यक्षांची देणगी' दिलं. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. नारळीकर १९३८ साली जन्मले ते तुमच्या ह्याच कोल्हापुरात. नंतर 'आकाशाशी जडले नाते' दिलं. त्याच्या वहीत अजून ग्रहांच्या कक्षा काढलेल्या आहेत. आमच्यातला एक कार्यकर्ता मला म्हणाला, हे काय, भटाचं पुस्तक देतोस? मी म्हटलं, आकाश कुणाच्या सातबाऱ्यावर आहे ते दाखव, मग बोलू. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो काय फक्त आपल्या दुःखाची पुस्तकं वाचून?

याच कारणासाठी सांगतो, आत्मकथनं एका दमात देऊ नका. 'बलुतं' १९७८, 'उपरा' १९८०, 'अक्करमाशी' १९८४. थोर पुस्तकं. कॉलेजात गेलेल्या प्रत्येकानं वाचावी. पण सोळाव्या वर्षी ओळीनं पाच वाचली तर पोराला वाटायला लागतं की भूक आणि अपमान एवढंच आपलं वाङ्मय. एक वाचली की मध्ये अण्णाभाऊंचा 'माझा रशियाचा प्रवास' द्या. चिरागनगरच्या झोपडीतला माणूस १९६१ साली रशियाला जाऊन येतो नि सगळीकडं डोळे उघडे ठेवून बघतो. पोरं हसतात वाचताना. हसू द्या.

आता बहिणींकडं वळतो. पोरींना आपण काय देतो? पाककृती, नाहीतर सावित्रीबाईंचा फोटो. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदया'त तो छापून आला. भाषा जुनी आहे, पण निबंध छोटा. आठवी-नववीच्या मुलींना बसवून वाचा नि लिहिणारीचं वय शेवटी सांगा. मग बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'. त्यांचं दुकान होतं. माल बांधायला येणारी रद्दी त्या वाचायच्या नि लिहिलेलं घरातल्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. १९८६ साली पुस्तक आलं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. ही दोन पुस्तकं घ्याल ती आधी पोरांना द्या. पोरींना त्यातलं अर्धं माहीत असतं. सभेत क्रांतीवर बोलून घरी गेल्यावर ताटावर हात आपटणारे आपणच, हे पोरांनी छापील अक्षरात बघितलेलं बरं. मीही ते वाचताना मान खाली घातली होती.

सगळ्यात बारक्यांसाठी, नुकतं जोडाक्षर फुटलेल्यांसाठी माझ्याकडं यादी नाही. आम्ही कवींनी, मी धरून, त्यांच्यासाठी फार थोडं लिहिलं. आम्हाला फक्त घोषणा येतात. तोवर एक करा. तुमच्या आज्यांना गोष्टी येतात, त्या लिहून घ्या. जाड अक्षरात, एका पानाला चार ओळी, भिंतीवर लावा. आपल्या आजीचं बोलणं भिंतीवर वाचलेलं पोरगं छापील पुस्तकाला भीत नाही.

बाबासाहेबांवर येतो. मुद्दाम मागं ठेवलं. इंग्रजी खंडांचं भाषांतर हातात देऊन सुरुवात करू नका. त्यांची स्वतःची मराठी वाचा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. त्यासाठी अडीच हजार रुपये दिले तुमच्या शाहू महाराजांनी. त्याच साली २१ आणि २२ मार्चला माणगावची परिषद झाली. हातकणंगले तालुका, सायकलनं जाऊन येण्यासारखं अंतर. ज्या राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला, तो राजा माणगावात बाबासाहेबांच्या शेजारी उभा राहिला. तेव्हा बाबासाहेब अठ्ठावीस वर्षांचे होते. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या वयाचे. 'मूकनायक' नि 'बहिष्कृत भारता'तले अग्रलेख सरकारनं १९९० साली पुन्हा छापले, मराठी भाषणं अठराव्या खंडात आहेत. एका वेळी एक अग्रलेख. एवढंच. दहावी झालेल्याला तो पेलतो. 'जातिप्रथेचे विध्वंसन' त्यानंतर. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं ते भाषण रद्द केलं तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं, दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ते वाचताना हातात पेन्सिल ठेवा नि पटत नाही तिथं खूण करा. हो, पटत नाही तिथं. बाबासाहेबांना भक्त नको होते.

खंड मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. सरकारनं नऊ खंडांच्या नऊ लाख प्रती काढायचं ठरवलं, पाच कोटींच्या वर रुपयांचा कागद घेतला आणि छापल्या फक्त तेहतीस हजार, असं वर्तमानपत्रात आलं. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. सरकारच्या गोदामात कोरा कागद पडून, नि आपल्या कपाटात कोरे खंड. दोन्हीकडं कुलूप.

कुलपावरनं आठवलं. मुंबईत मी एका वाचनालयात गेलो होतो. नाव घेत नाही. तिथं अनामत मागितली, ती मी दिली. मग म्हणाले, ओळखीच्या सभासदाची सही आणा. माझ्या ओळखीत गोदी, तिथं सभासद कोण? टेबलापलीकडच्या माणसानं माझ्या हातांकडं बघितलं नि पैसे परत सरकवले. अमेरिकेतला काळा लेखक रिचर्ड राइट. मेम्फिस शहरात काळ्यांना ग्रंथालयात पुस्तक मिळत नव्हतं. त्यानं एका गोऱ्याचं कार्ड मागून घेतलं, त्या गोऱ्याच्या नावानं खोटी चिठ्ठी लिहिली, नि आपण नुसते निरोप्या आहोत असं सोंग करून पुस्तकं आणली. १९४५ सालच्या 'ब्लॅक बॉय'मध्ये त्यानं हे सगळं लिहिलंय. माझ्याजवळ उसनं कार्डही नव्हतं. मी फुटपाथवरनं रद्दीची पुस्तकं घेतली. तेव्हा कुणी विचारून पुस्तक दिलं असतं तर माझी चारपाच वर्षं वाचली असती.

बाबासाहेबांना तसा माणूस भेटला होता. चर्नी रोडच्या बागेत ते पोरवयात वाचत बसायचे. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे शिक्षक यायचे. हा पोरगा रोज एवढा काय वाचतो म्हणून त्यांनी चौकशी केली, पुस्तकं देऊ लागले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी उजाडला. केळुसकरांनी यादी वाटली नव्हती. पोरगा कुठं बसतो ते त्यांनी बघितलं होतं.

तर सहा हजारांचं माझं म्हणणं. निम्मे अण्णाभाऊंवर घाला नि प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक वाचायला, एक हरवायला. हरवणारच. हजार रुपयांची गाईडं घ्या, कॉलेजवाले रागावू नयेत म्हणून. उरलेल्यात फुले, बेबीताई, ऊर्मिलाताई, नारळीकर बसवा. नवे खंड यंदा नकोत, आहेत ते आधी फुटू देत. वही ठेवा, तीत नाव नि तारीख एवढंच. अनामत नको, जामीन नको. आणि वही सांभाळायला आठवीतली एखादी पोरगी बसवा. कुणी काय वाचलं नि कुठं सोडलं ते तिला महिन्याभरात आपल्यापेक्षा जास्त कळेल.

एक राहिलं. मघाशी मी अठरावा खंड काढायला गेलो तर कळलं, कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या घरी आहे आणि अध्यक्ष लग्नाला गेलेत. कुणीतरी त्यांच्या घरी जाऊन किल्ली आणा. माझी गाडी रात्रीची आहे. मी थांबतो.